भावाच्या किडनीसाठी लोकांकडे मागू, की शेत विकू?

माई,
माझं माहेर चोपडा तालुक्यात, सासर अमळनेरला. धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, छोटा हत्ती चालवायचा, केळीची भाडी मारायचा. दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आता आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस चालू आहे. आईची किडनी जुळते, आई एका पायावर तयार आहे. नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयानं ७ लाख ४० हजारांचं एस्टिमेट दिलंय. शिवाय ऑपरेशननंतर महिन्याला १५ हजारांची औषधं लागतील म्हणाले. घरात कापसाचे ७० हजार आहेत, माझे मिस्टर ५० हजार द्यायला तयार आहेत. नाना म्हणतात, दोन बिघे विकून मोकळं होऊ. काका म्हणतात, विका, पण लोकांपुढे हात पसरू नका, भाऊबंदांत हसं होईल.
भावाच्या मित्रानं आम्हाला न विचारता व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवला. डायलिसिसच्या खाटेवरचा फोटो, आणि खाली मित्राचाच क्यूआर कोड. १८ हजार आले. भावानं तो मेसेज पाहिला आणि दिवसभर जेवला नाही. ‘माले भिकारी करी टाकं,’ एवढंच म्हणाला. आता ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या एका कंपनीचा माणूस रोज फोन करतो. १२ लाखांची मोहीम लावू म्हणतो, आईचा रडतानाचा व्हिडिओ मागतो. लोकांकडे मागणं चुकीचं आहे का? आणि मागायचंच तर कसं? एस्टिमेटचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक बहीण

ताई,

आधी नानांना सांगा, एवढ्यात कुणाकडून इसार घेऊ नका. सौदा महिनाभर लांबला तर काही बिघडत नाही. पण एकदा इसार घेतला की बिघडतं.

मदत मागण्यात चूक काहीच नाही. मला पटलेला नाही तो आकडा. ७ लाख ४० हजार हा त्या रुग्णालयाचा दर झाला. १२ लाख हा त्या फोनवाल्याचा अंदाज, आणि तो तुमच्या गरजेपेक्षा त्याच्या धंद्यावरून निघालेला दिसतो. तुमच्या घराला खरोखर किती कमी पडतात, हे कुणी वही घेऊन बसून काढलेलंच नाही. ते काढलं की शेताचं काय करायचं, भावाला काय सांगायचं आणि लोकांकडे किती मागायचं, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरेल.

एस्टिमेटचा फोटो मोठा करून वाचला. पॅकेजमध्ये दोघांची शस्त्रक्रिया, भावाचे दहा दिवस आणि आईचे पाच दिवस धरलेत. तळाशी बारीक अक्षरांत ‘वगळलेले’ म्हणून तीन ओळी आहेत: आधीच्या तपासण्या, डिस्चार्जनंतरची औषधं, गुंतागुंत झाली तर वाढीव मुक्काम. म्हणजे शेत विकून हे पैसे भरले तरी घरी आल्यावर पहिल्या महिन्याच्या गोळ्या कशातून आणायच्या, हा प्रश्न उरतोच. त्याहून महत्त्वाची गोष्ट वरच्या कोपऱ्यात आहे. भावाच्या नावापुढे ‘कॅश’ असं हातानं लिहिलंय. याचा अर्थ रेशनकार्ड आहे का, हे त्या काउंटरवर तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि तुम्हीही दाखवलं नाही.

जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. असे कागद तिथे रोज टेबलावर यायचे. माणसं वर्गणी गोळा करून, दागिने मोडून, व्याजानं पैसे काढून दमली की शेवटी यायची, आणि कार्ड तेव्हा पिशवीतून बाहेर निघायचं. क्रम उलटा हवा.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आपल्याकडे आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा आधी अडीच लाख होती, ती २०२३ च्या शासन निर्णयानं साडेचार लाख केली. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. २०१२ मध्ये ही योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं, म्हणून आपल्या भागातले जुने लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. नानांना फुले योजना म्हटल्यावर कळलं नाही तर जीवनदायी म्हणून सांगा, लगेच कळेल.

पण ही योजना सगळीकडे चालत नाही. रुग्णालय योजनेत हवं आणि त्याला प्रत्यारोपणाचा सरकारी परवानाही हवा. काही रुग्णालयं योजनेत असतात, पण ठरावीक विभागांपुरतीच. म्हणून ‘तुमच्याकडे योजना आहे का?’ असा मोघम प्रश्न विचारू नका. ‘फुले योजनेतून किडनी प्रत्यारोपण होतं का?’ असं विचारा. नाशिकच्या त्याच रुग्णालयालाही विचारा. होत असेल तर तेच डॉक्टर, तीच खाट, फक्त ‘कॅश’ शब्द खोडला जाईल. १५५३८८ या क्रमांकावर रुग्णालयांची माहिती मिळते. भाऊ जळगावला डायलिसिस घेतो, तिथला आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणारा माणूस, तर तुमचा घरचाच समजा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. आधी रोख भरू, मागून मिळवू, असं इथे चालत नाही. आणि योजनेखाली दाखल झाल्यावर पॅकेजमधल्या कुठल्याही गोष्टीसाठी वरून पैसे मागता येत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा आणि त्याच क्रमांकावर तक्रार करा. पावती मागितली की बऱ्याचदा मागणी तिथेच विरते.

अडकतं कुठे, तेही सांगते. रेशनकार्डावर ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘दनेश्वर’, आणि केसपेपरवर घरचं हाकेचं नाव. किंवा मुलगा वेगळा राहतो म्हणून त्याचं नाव कार्डावरून कमी केलेलं, आणि नव्या कार्डावर चढलेलंच नाही. तुमच्या भावाचं आणि आईचं नाव तिन्ही कागदांवर अक्षराला अक्षर जुळतं का, ते आजच बघा. नसेल तर पुरवठा शाखेत आणि आधार केंद्रात आधी ते काम करा. कंटाळवाणं आहे खरं, पण त्या १२ लाखांच्या व्हिडिओपेक्षा यातून जास्त पैसे वाचतात.

आपली माणसं तापी काठानं गाडीत बसून सुरतेला, तिथून पुढे अहमदाबादला जातात. तिथल्या सिव्हिलच्या आवारातल्या किडनी इन्स्टिट्यूटचं नाव तुम्हालाही कुणीतरी सांगेलच. संस्था मोठी आणि जुनी आहे, जायला हरकत नाही. फक्त निघण्याआधी कार्ड कोणतं आहे ते बघा. आयुष्मानचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, फुले योजनेचं तिथे चालेल असं धरून चालू नका.

योजनेत काही कारणानं बसलं नाही, तर पुढची दारं अशी. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुसऱ्या. हे उपकार नाहीत, कायदा आहे. रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटा, दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. मुख्यमंत्री सहायता निधीतून किडनी प्रत्यारोपणाला मदत मिळते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला लागतो, आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यावर जातात. त्यांचा क्रमांक १८०० १२३ २२११. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीच्या अर्जासोबत खासदारांचं शिफारसपत्र जोडा. खासदारांकडून अशी पत्रं नेहमी निघतात, मागायला संकोच करू नका. मुंबईचा सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्ट्सही रुग्णांना मदत करतात. उत्पन्नाचा दाखला एकदाच काढा आणि त्याच्या भरपूर झेरॉक्स करून ठेवा, प्रत्येक दारात तो मागतात.

प्रवासाचंही सांगते, कारण ते कुणी धरतच नाही. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे. रेल्वेतही किडनीच्या रुग्णाला डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाताना स्लीपरला ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला हवा. भावाचे आजवरचे किती पैसे भाड्यात गेले, विचारून बघा.

आता वही घ्या. ऑपरेशन योजनेतून झालं असं धरू. औषधं महिन्याला १५ हजार, म्हणजे पहिल्या वर्षाचे १ लाख ८० हजार. यातला काही भाग योजनेत बसतो का ते आरोग्यमित्राला विचारा, बसला तर आकडा कमीच होईल. सुरुवातीचे तीन महिने वरचेवर तपासायला बोलावतात, चोपड्याहून ये-जा करणं त्याला झेपणार नाही आणि एसटीच्या गर्दीत जंतुसंसर्गाची भीती, म्हणून नाशिकला एक स्वच्छ खोली आणि दोन माणसांचं खाणं, ४५ हजार धरा. योजनेबाहेरच्या तपासण्या ५० हजार. आईची मजुरी बुडेल, तिचे ३० हजार. बेरीज ३ लाख ५ हजार. कापसाचे ७० आणि मिस्टरांचे ५०, म्हणजे घरातले १ लाख २० हजार वजा करा. राहिले १ लाख ८५ हजार. मित्राकडे आलेले १८ वजा केले की १ लाख ६७ हजार. दोन बिघे विकण्याइतका हा आकडा नाही, आणि १२ लाखांच्या मोहिमेइतका तर नाहीच नाही.

शेताबद्दल माझं मत ठाम आहे. प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या जन्मभराच्या असतात. एक दिवस चुकवल्या तर शरीर ती किडनी परकी म्हणून झिडकारू शकतं. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी लोक विसरलेले असतील, मोहीम बंद झालेली असेल, तेव्हा गोळ्या कापसाच्याच पैशातून येणार आहेत. नाना आज शेत विकतील ते ऑपरेशनसाठी, आणि पोराचं औषध विकून बसतील. छोटा हत्तीही विकू नका. ओळखीच्या ड्रायव्हरला भाड्यानं द्या, भाऊ बरा झाल्यावर त्यालाच तो लागेल. जेनेरिक औषधांनी खर्च बराच खाली येतो, पण या गोळ्यांची कंपनी दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलायची नाही, प्रत्येक बदल किडनीच्या डॉक्टरांना विचारून.

आता उरलेले १ लाख ६७ हजार. हे मागा. बिनदिक्कत मागा.

काकांना हसं होण्याची भीती वाटते. त्यांना विचारा, तुमच्या घरच्या लग्नातली आहेराची वही अजून कपाटात आहे ना? कुणी किती दिले, कुणाला किती परत करायचे, सगळं लिहिलेलं असतं, आणि ती वही काढताना कुणाला लाज वाटत नाही. आजारपणाचीही तशी वही असू द्या. नाव, रक्कम, तारीख. पन्नास रुपये देणाऱ्याचंही. जे परत फेडायचे ते फेडा, फेडता आले नाहीत तर त्यांच्या घरच्या अडचणीला उभे राहा. गावात माणूस मागितल्यानं लहान होत नाही. आलेल्या पैशाचं काय झालं हे कळलं नाही की मात्र होतो. ‘त्यानी आजारपणावर घर बांधलं’ ही कुजबुज कुठून सुरू होते, ते तुम्हालाही माहीत आहे.

भावाचं दुखणं मात्र वेगळं आहे, ते काकांच्या भीतीत मिसळू नका. त्याला मदत नको असं तो म्हणालेला नाही. त्याला न विचारता, नळ्या लावलेल्या अवस्थेत, त्याचा चेहरा चारशे लोकांच्या ग्रुपवर गेला, हे त्याला लागलंय. २७ वर्षांचं पोरगं आहे. त्याला पुढे गाडी चालवायची आहे, लग्न करायचं आहे, आणि तो फोटो इंटरनेटवरून कधीच पूर्ण पुसला जाणार नाही. त्याच्याशी बसून बोला. काय सांगायचं, काय नाही, कुठला फोटो, की फोटोच नको, हे त्यानं ठरवावं. त्याला चालत असेल तर गाडीशेजारी उभा असलेला जुना फोटो टाका. मला विचाराल तर त्यानं पैसे कमी येणार नाहीत. ओळखीचे लोक फोटो बघून देत नाहीत, तुमच्या शब्दावर देतात.

मोहिमांचं खरं तेच आहे. आपल्याकडे मिलाप २०१० मध्ये, केटो २०१२ मध्ये, इम्पॅक्टगुरू २०१४ मध्ये सुरू झाली, आणि त्यातून खरोखर अनेकांचे उपचार झालेत, हे नाकारत नाही. पण अनोळखी लोकांचा पैसा पावसासारखा पडेल, हा भ्रम आहे. पहिले पैसे नात्यातले, शाळेतले, नोकरीतलेच येतात. ते आले तर पुढचे येतात. बहुतेक मोहिमा लावलेल्या आकड्यापर्यंत पोचत नाहीत. ज्याच्या ओळखीत पुण्या-मुंबईचे पगारदार, त्याची मोहीम चालते. ज्याच्या ओळखीत केळी भरणारे मजूर, त्याची रखडते. आजार दोघांचा सारखाच असला तरी. मला हे फार टोचतं, पण आहे ते असं आहे.

त्या फोनवाल्याला एकदाच फोन करा आणि पाच प्रश्न विचारा. कंपनी किती टक्के घेणार? त्यावर जीएसटी किती? जाहिरातीचा खर्च कुणाच्या खिशातून? पैसे देणाऱ्यापुढे ‘टिप’चा, म्हणजे कंपनीला वरून द्यायच्या पैशांचा, आकडा आधीच भरलेला दिसतो का? आणि रक्कम रुग्णालयाला थेट जाणार की आणखी कुणामार्फत? उत्तरं लेखी मागा, ई-मेलवर. ‘शून्य टक्के’ म्हणणाऱ्यांचंही पैसे पाठवण्याचं शुल्क कुठेतरी कापलं जातंच, ते किती हे कळायला हवं. लेखी द्यायला तो टाळाटाळ करू लागला तर बोलणं संपवा. आईच्या रडण्याचा व्हिडिओ मात्र कुठल्याच उत्तरावर द्यायचा नाही.

अमेरिकेत २०१२ मध्ये वॉटसी नावाची एक ना-नफा संस्था सुरू झाली, ती गरीब देशांतल्या रुग्णांच्या ऑपरेशनसाठी लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवते. तिथे रुग्ण स्वतः हात पसरत नाही. संस्थेशी जोडलेलं रुग्णालय रुग्ण निवडतं, खर्च आधी ठरवतं, मग तेवढ्याच रकमेसाठी आवाहन होतं आणि पैसा उपचारालाच लागतो. संस्थेचा स्वतःचा खर्च वेगळ्या देणग्यांतून चालतो. तुम्हाला तिथे थेट अर्ज करता येणार नाही. पण पद्धत उचलण्यासारखी आहे: आधी रुग्णालय पक्कं, आकडा पक्का, मग मागणं. आणि तो आकडा भरला की थांबणं.

मित्राचं काय करायचं? त्याची नियत वाईट नसावी, पण त्याचा क्यूआर आजच बंद करायला सांगा. आलेल्या १८ हजारांचं स्टेटमेंट घ्या, नावं वहीत उतरवा, पैसे भावाच्या खात्यात वळते करा. त्याच्यावर शंका म्हणून सांगत नाही, त्याच्याही भल्याचं आहे. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षाला ५० हजारांच्या वर रक्कम आली की ती प्राप्तिकराच्या हिशोबात धरली जाते. भावाला उत्पन्नच नाही, त्याच्यावर फारसं काही येणार नाही. मित्राच्या पगारात मिसळली तर त्याच्या गळ्यात. दुसरं म्हणजे फिरत्या मेसेजचं. त्याच फोटोखाली आपला क्यूआर चिकटवून पैसे खाणारे आहेत. तसा मेसेज दिसला तर १९३० या सायबर क्रमांकावर लगेच तक्रार करा.

आणि आणखी एक फोन येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. किडनीसाठी मदत मागितल्याचं कळलं की ‘आईला कशाला त्रास देता, मी दाता मिळवून देतो’ म्हणणारे दलाल उगवतात. किडनीची खरेदी-विक्री हा १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. घेणाराही त्यात सापडतो. आई ही कायद्यानं जवळची नातेवाईक, तिच्यासाठी परवानगीची वाट बरीच सोपी आहे. दलालाशी बोलायचंसुद्धा नाही.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, एका पायावर तयार आहे. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच जास्त असतात, आणि त्या सगळ्या एका पायावरच तयार असतात. तिला एकदा एकटीला घेऊन बसा. नाना नकोत, काका नकोत. भीती वाटते का, विचारा. रुग्णालयातही दात्याला वेगळं बसवून विचारतात, तिथे पहिल्यांदाच बोलायची वेळ तिच्यावर येऊ नये. तिचं रक्तदाब-साखरेचं तपासून झालंय ना? ऑपरेशननंतर तिला काही आठवडे घागर, जळण, कापसाचं ओझं उचलता येणार नाही, आणि वेचणीच्या हंगामात ऑपरेशन ठरलं तर ती ऐकणार नाही. तारीख घेताना हे डॉक्टरांना सांगा. तिच्या मजुरीचे ३० हजार मी हिशोबात मुद्दाम धरलेत. ते शेवटी काटायचे पैसे नाहीत.

मेसेज साधारण असा करा, भावाला आधी वाचून दाखवा:

‘माझा भाऊ, वय २७, चोपडा तालुका. दोन्ही किडन्या निकामी आहेत, आई किडनी देत आहे. ऑपरेशन सरकारी योजनेतून मंजूर झालं आहे, त्यासाठी पैसे नकोत. पहिल्या वर्षाची औषधं, तपासण्या, नाशिकला राहणं आणि आईची बुडणारी मजुरी मिळून ३ लाख ५ हजार लागतील. १ लाख २० हजार घरचे आहेत, १८ हजार आले आहेत, १ लाख ६७ हजार कमी पडतात. पैसे फक्त खालील खात्यावर, जे भावाच्या आणि आईच्या नावावर आहे. दर रविवारी हिशोब याच ग्रुपवर टाकू. रक्कम पूर्ण झाली की तसं कळवू, त्यानंतर पाठवू नका. ऑपरेशन झालं नाही किंवा पैसे उरले तर डायलिसिसच्या दुसऱ्या रुग्णाच्या औषधासाठी देऊ. खात्री करायची असेल तर मला फोन करा. – बहीण’

‘मंजूर झालं आहे’ हे मंजुरी हातात आल्यावरच लिहायचं, त्याआधी नाही. आणि हा मेसेज आधी ओळखीच्या ग्रुपवर टाका: भावाची दहावीची बॅच, गाडीवाल्यांची संघटना, सुरतेत कामाला गेलेली गावातली पोरं, तुमच्या सासरचं भजनी मंडळ. १ लाख ६७ हजारांना एवढं पुरू शकतं. नाही पुरलं तर मग ऑनलाइन मोहिमेचं बघू, तीही याच आकड्यावर, १२ लाखांवर नाही.

भावाच्या पुढच्या डायलिसिसला तुम्हीच सोबत जा. पिशवीत रेशनकार्ड, दोघांचे आधार, सगळे रिपोर्ट आणि नाशिकचं एस्टिमेट घ्या. मशीन चारेक तास चालतं, तेवढ्यात आरोग्यमित्राकडचं काम उरकेल. योजनेतून होत नाही असं कुणी सांगितलं तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका, आणि तो कागद मला पाठवा. नाव जुळत नाही म्हणून, रुग्णालय बसत नाही म्हणून, की आणखी कशामुळे, त्यावर पुढचं दार कोणतं ते सांगते.

– माई